कोकणातल्या घरात आठ फुटी मत्स्यटाकी: चौथऱ्यापासून पहिल्या पावसाळ्यापर्यंत

घरात मोठी मत्स्यटाकी करायचं मनावर घेतलं की बहुतेक जण आधी मासे ठरवतात, मग काच, मग जागा. पाणी आणि वीज यांचा विचार अगदी शेवटी होतो. कोकणात हा क्रम उलटा हवा. इथे मे महिन्यात विहिरीचा तळ दिसायला लागतो आणि जूनमध्ये तारेवर माड पडला की दोन-दोन दिवस वीज येत नाही. या दोन महिन्यांत टाकी तगली तर बाकीचं वर्ष ती फारसा त्रास देत नाही. म्हणून पुढची मापं मे-जून डोळ्यांपुढे ठेवून घेतली आहेत. उदाहरणासाठी ८ फूट लांब, ३ फूट रुंद आणि २ फूट उंच अशी गोड्या पाण्याची टाकी धरू.

समुद्र दारात असताना खाऱ्या पाण्याची का नको, असं पुष्कळ जण विचारतात. पावसाळ्यात किनाऱ्यालगतचं पाणी गढूळ असतं आणि नद्या-खाड्यांच्या पुरामुळे त्याचा खारेपणाही खाली येतो. म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा समुद्राचं पाणी वापरता येत नाही. तयार मीठ आणायचं तर लिटरमागे ३५ ग्रॅम या हिशेबाने एवढ्या टाकीला पहिल्याच भरणीला ४५ किलोच्या वर मीठ लागतं. प्रवाळ आणि समुद्रघोडे तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे संरक्षित आहेत, त्यांना हात लावायचाच नाही. पहिली मोठी टाकी गोड्या पाण्याचीच करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

उंची दोनच फूट का

एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर. आपली टाकी ४८ घनफुटांची, म्हणजे काठोकाठ १३६० लिटर. काचेवरचा दाब लांबी-रुंदीवर नव्हे, खोलीवर ठरतो. दोन फूट पाणी असेल तर समोरच्या आठ फुटी काचेवर एकूण साडेचारशे किलोच्या आसपास जोर येतो. तीच टाकी अडीच फूट उंच केली की हा जोर सातशे किलोवर जातो. अर्धा फूट वाढवला आणि जोर दीडपटीहून जास्त झाला.

दोन फूट उंचीला वरून चारही बाजूंनी काचेच्या आडव्या पट्ट्या मारल्या तर १५ मिलिमीटर काच पुरते. अडीच फुटांना १९ मिलिमीटर घ्यावी. "१२ची मारतो, काही होत नाही," असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. काच साधी, म्हणजे टफन न केलेली, फ्लोट घ्या. टफन्ड (तापवून कडक केलेली) घेणारच असाल तर पाइपची भोकं कारखान्यातूनच पाडून आणावी लागतात, कारण टफन केलेल्या काचेला नंतर ड्रिल लावला की ती तिथेच चुरा होते.

उंची कमी ठेवण्याचं दुसरं कारण हाताचं आहे. तळाची पाने उचलायला, दगड हलवायला हात तळाशी पोचला पाहिजे. माशांनाही उंचीपेक्षा पोहायला लांबी आणि वळायला रुंदी हवी असते. वाढवायचंच असेल तर रुंदी वाढवा.

जागा आणि जमीन

पाणी १३६० किलो, काच अडीचशेच्या वर, दोन इंच वाळूचा थर १८० किलो आणि थोडे दगड. एकूण वजन १९०० किलोच्या घरात जातं. ते २४ चौरस फुटांवर पडतं, म्हणजे चौरस मीटरला साधारण ८५० किलो. राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलोचा वापर-भार धरून बांधलेला असतो. त्यामुळे वरच्या मजल्यावर, माळ्यावर किंवा फ्लॅटमध्ये ही टाकी इंजिनिअरने लेखी दिल्याशिवाय ठेवू नये. तळमजला हीच खरी जागा.

तळमजला असला तरी नुसत्या फरशीवर भरवसा ठेवू नका. आपल्या घरांच्या चौथऱ्यात मातीचा भराव असतो. तो वर्षानुवर्षं दबत राहतो आणि फरशी वर तशीच राहते. नाण्याने फरशीवर टकटक करून पाहा. पोकळ आवाज आला तर खाली जागा झालेली आहे. फरशी काढून भराव उपसा आणि कठीण लागेपर्यंत खाली जा. सड्यावरच्या गावांत कातळ लवकर लागतो, खाडीकाठच्या किंवा पुळणीवरच्या घरात बरंच खाली जावं लागतं. मग साडेनऊ फूट बाय साडेचार फूट असा, आत लोखंडी जाळी टाकलेला सहा इंची काँक्रीटचा थर घाला. जुन्या चिऱ्याच्या किंवा मातीच्या भिंतीला लागून खणायचं असेल तर जाणत्या गवंड्याला आधी दाखवा. भिंतीचा पाया उघडा पडता कामा नये.

खोली कोणती? पडवी सोडून द्या. तिथे पावसाची झड येते, दुपारचं ऊन येतं आणि काचेवर शेवाळ धरतं. ओटीवरची आतली भिंत चांगली. माजघर थंड असतं आणि मे महिन्यात माशांना तेच मानवतं. भिंत आणि टाकी यांत दीड फूट अंतर सोडा. माणूस मागे जाऊ शकला पाहिजे, शिवाय तीन फूट रुंदीच्या टाकीत पुढून मागच्या कोपऱ्यापर्यंत हात पोचत नाही. भिंतीला चिकटवली तर मातीच्या गिलाव्याला ओल येते आणि लाकडाला वाळवी.

स्टँड चिऱ्याचाच

लोखंडी अँगलचा स्टँड समुद्रकाठी किती दिवस टिकतो ते आपल्या गेटांकडे पाहून कळतं. साधं ३०४ स्टेनलेससुद्धा खाऱ्या वाऱ्यात डाग धरतं. प्लायवूडला दमट हवा आणि वाळवी. आपल्याकडे जांभा चिरा हाताशी आहे, तोच वापरा. तो ओझं घेतो आणि गंजत नाही.

आठ फुटांच्या लांबीत प्रत्येकी ९ इंच जाड आणि ३ फूट खोल अशा चार आडव्या भिंती सिमेंटमध्ये बांधा. उंची अडीच फूट. मधला गाळा अडीच फूट रुंद, कडेचे दोन सव्वा-सव्वा फूट. मधल्या गाळ्यात फिल्टरची टाकी बसेल. वर सळ्या घालून चार इंची स्लॅब ओता आणि किमान तीन आठवडे पाणी मारा. त्याला घाई नको.

स्लॅबची पातळी स्पिरिट लेव्हलवर सोडू नका. गवंड्याची पाण्याची नळी घ्या, चारही कोपऱ्यांना खुणा करा, उरलेला फरक वरच्या गिलाव्यात काढा. मग लांब सरळ ॲल्युमिनियमची पट्टी स्लॅबवर उभी-आडवी-तिरकी फिरवून खालून उजेड दिसतो का ते पाहा. वाळूचा एक टपोरा कण गिलाव्यात उभा राहिला तरी तळाच्या काचेवर त्या एकाच बिंदूला ताण येतो. पॉलिश पेपर घेऊन बसा आणि तळहात फिरवून खात्री करा. वर एक इंची घट्ट थर्मोकोल अंथरा, तो बारीक उंचसखलपणा सावरून घेतो.

काच घरातच जोडायची

तळाची काच एकटीच ८० किलोच्या वर भरते. घर पाखाडीखाली असेल आणि टेम्पो वरच थांबत असेल तर तयार टाकी आणण्याचा विचारच सोडा. सुट्या काचा चौघांनी उभ्या धरून, गोणपाट लावून खाली आणायच्या आणि जागेवरच जोडायच्या.

काम नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये उरका. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो, त्यामुळे दमटपणा त्याला वाईट नाही. पण पावसाळ्यात काचेवर न दिसणारा पाण्याचा पापुद्रा धरतो आणि सिलिकॉन त्यावर नीट चिकटत नाही. बुरशीनाशक घातलेला बाथरूमचा सिलिकॉन चालणार नाही, मत्स्यटाकीसाठीचा म्हणून मिळणारा घ्या. कडा स्पिरिटने पुसून, सांध्यात बुडबुडा न ठेवता एका दमात जोडा. दोन आठवडे हात लावू नका. मग आठ इंच भरून दोन दिवस, सोळा इंच भरून दोन दिवस, पूर्ण भरून आठवडाभर ठेवा. प्रत्येक वेळी सांध्यांखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद फिरवा. त्यावर थेंब लगेच कळतो. समोरच्या काचेला दोरी ताणून मधला फुगवटा मोजा आणि लिहून ठेवा. आठवड्यात तो वाढत गेला तर टाकी रिकामी करून पट्ट्यांचं काम पुन्हा पाहायचं.

फिल्टर आणि वीज गेल्यावर काय होतं

एवढ्या टाकीला खाली सम्प, म्हणजे फिल्टरची टाकी, हवा. मागच्या काचेला वरच्या बाजूला दोन दीड इंची भोकं: एक नेहमीच्या उताराला व्हॉल्व्हसह, दुसरं मोकळं, पहिलं तुंबलं तर उपयोगी पडेल असं. पंप तासाला ६ ते ७ हजार लिटरचा, म्हणजे पाणी तासात पाचेक वेळा फिरतं. सम्पमध्ये आधी स्पंज, मग माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणाऱ्या जीवाणूंसाठी भरपूर पृष्ठभाग. महागडी माध्यमं नसली तरी प्लास्टिकच्या भांडी घासायच्या घासण्या हे काम उत्तम करतात, फक्त साबण लावलेल्या नकोत.

आता नेमकी गोष्ट. वीज गेली की पंप थांबतो आणि टाकीतलं भोकाच्या कडेपर्यंतचं पाणी खाली येतं. पातळी एक इंच उतरली तरी २४ चौरस फुटांच्या टाकीतून ५७ लिटर येतात. सम्प ३ बाय २ बाय दीड फुटांचा धरला तर त्यात २५५ लिटर मावतात. त्यात नेहमी दीडशेच लिटर ठेवा आणि बाहेर त्या पातळीची ठळक रेघ मारा. वर पाणी नेणाऱ्या पाइपला पाण्याच्या पातळीलगत एक बारीक भोक पाडा, नाहीतर तो उलटा सायफन होऊन आणखी पाणी ओढतो. पहिल्याच दिवशी पंप पाच-सहा वेळा मुद्दाम बंद करून पाहा. मध्यरात्री ओटीभर पाणी होण्यापेक्षा भरदुपारी चाचणी घेतलेली बरी.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कितीतरी गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्तेने सिंधुदुर्ग-रत्नागिरीला तडाखा दिला. म्हणून तीन दिवस अंधार धरूनच व्यवस्था करा. १५० अँपिअर-अवरच्या १२ व्होल्ट बॅटरीतून इन्व्हर्टरची तूट वजा जाता साधारण १२०० वॉट-तास हाती येतात. ६० वॉटचा मुख्य पंप त्यावर २० तास चालेल, २५ वॉटचा हवेचा पंप मात्र ४८ तास. वीज जाताच मुख्य पंप बंद राहील आणि हवेचा पंप तेवढा चालेल अशी जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. मोठ्या टाकीत नेहमीच दोन स्पंज फिल्टर हवेवर चालू ठेवले तर अंधारातही जीवाणू जिवंत राहतात. तिसऱ्या दिवसासाठी शेजाऱ्याचा जनरेटर किंवा जास्तीची बॅटरी. वीज नसताना माशांना खायला घालू नका. मोठे निरोगी मासे चार-पाच दिवस सहज उपाशी राहतात, घाण वाढली तर मात्र मरतात.

सगळ्या जोडण्या ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीतून (वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमधून) घ्या. कातळावरच्या घरात अर्थिंग ही दुखरी बाजू आहे. उन्हाळ्यात जांभा कोरडा पडला की अर्थिंग नीट काम करत नाही, म्हणून खड्ड्यात पाणी घालत जा आणि वर्षातून एकदा तपासून घ्या. प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे ओघळ प्लगमध्ये शिरणार नाही. खर्चाचा अंदाज हवा असेल तर मुख्य पंप, हवेचा पंप आणि आठ तासांचा ८० वॉटचा दिवा मिळून महिन्याला नव्वदच्या आत युनिट होतात. हिटर किनाऱ्यावर लागत नाही.

पाणी

सगळ्यात जास्त मासे इथे मरतात, म्हणून थोडं सविस्तर.

जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्ल असतं. प्यायला गोड, पण त्यात पीएच सांभाळून धरणारा क्षार, ज्याला केएच म्हणतात, तो फार कमी. नवी टाकी महिना-दोन महिने छान चालते, मग जीवाणूंच्या कामातून तयार होणारं आम्ल हा थोडासा क्षार संपवतं आणि पीएच सहाच्या खाली घसरतो. जीवाणू मंदावतात, अमोनिया साठतो, पण आम्ल पाण्यात तो फारसा विषारी नसतो म्हणून मासे तग धरतात. अशा वेळी घाबरून अर्धं पाणी बदललं की पीएच एकदम वर जातो, साठलेला अमोनिया विषारी रूप घेतो आणि सकाळी मासे उलटे दिसतात. म्हणून केएच चार अंशांच्या आसपास ठेवा आणि दर आठवड्याला थेंबाच्या किटने मोजा.

केएच वाढवायला बाजारातली पावडर लागतेच असं नाही. जेवणात झालेल्या तिसऱ्यांच्या शिंपा उकळून, घासून, कडक उन्हात वाळवा. जाळीच्या पिशवीत दोनेक किलो भरून सम्पमध्ये ठेवा. पाणी आम्ल होऊ लागलं की त्या विरघळतात, पीएच वर गेला की थांबतात.

खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा स्वस्तातला टीडीएस मीटर घ्या आणि दर महिन्याचा आकडा लिहून ठेवा. आकडा अचानक वर गेला तर त्या विहिरीचं पाणी पहिल्या चांगल्या पावसापर्यंत टाकीत घालू नका.

पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल (क्लोरीनची) पावडर टाकते, नळाच्या पाण्यातही क्लोरीन असतो. गावातला जलसुरक्षक ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडीनच्या द्रावणाची) करतो, त्यात पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे. त्या द्रावणाची बाटली आपल्या घरी ठेवा. लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर ३४० लिटरला अडीच ग्रॅम हायपो (क्लोरीन मारणारं सोडियम थायोसल्फेट) पुरतो. विहिरीत आजच पावडर पडली असेल तर दोन-तीन दिवस थांबलेलंच बरं. विहिरीचं पाणी काढल्याबरोबर टाकीत घालू नये, पिंपात रात्रभर हवा मारून मग घाला.

दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचं म्हणजे ३४० लिटर, २० लिटरच्या सतरा बादल्या. हे हाताने कोणी वर्षभर करत नाही. टाकीचा तळ जमिनीपासून जवळजवळ तीन फूट उंच आहे, तेव्हा तळाजवळून एक पाइप थेट परसात काढा आणि माडाच्या, पोफळीच्या आळ्यात सोडा. माशांच्या घाणीतून बनलेल्या नायट्रेटचं पाणी झाडांना खतच आहे. उन्हाळ्यात हे पाणी वाया जात नाही म्हटल्यावर घरातली कुरबुरही थांबते.

वाळू नदीची, गढूळपणा जाईपर्यंत धुतलेली. पुळणीची वाळू नको: तिच्यात मीठ आणि शंख-शिंपल्यांचा चुरा असतो, आणि किनाऱ्यावरून वाळू उचलणं योग्यही नाही. दगड काळे, नदीतले गोटे. जांभा टाकीत झिजतो आणि पाण्यात लाल गाळ सोडतो.

जीवाणू आधी, मासे नंतर

टाकी भरून चालू केल्यावर चार ते सहा आठवडे मोठे मासे नाहीत. ओळखीच्या कोणाच्या निरोगी टाकीतला जुना स्पंज मिळाला तर तो सम्पमध्ये पिळा, काम लवकर होतं. अमोनिया चढून उतरला, मग त्यापासून बनणारा नायट्राइट चढून उतरला आणि दोन्ही शून्यावर स्थिरावले की मासे आणा, तेही एकदम नव्हे. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने, तीन खेपांत.

कोणते? मला सह्याद्रीच्या पट्ट्यातले मासे या टाकीत मनापासून आवडतात. आपल्याकडच्या मऊ पाण्यात ते खुलतात आणि आठ फुटांत धावतात. पंचवीस मोठे डॅनिओ, बारा केशरी क्रोमाइड आणि तळाला आठ-दहा झेब्रा लोच, एवढ्यावर थांबा. झेब्रा लोच निसर्गात धोक्यात आहे, म्हणून पैदास केंद्रातलेच आहेत याची दुकानदाराकडून खात्री करून घ्या. डेनिसन बार्ब आता वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तो नको. खाडीतली कालुंदर गोड्या पाण्यात राहते, पण मोठी होते आणि झाडं खाते. तिच्यासाठी टाकी ठेवायची तर तिचीच ठेवा. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहातले देवाचे मासे लोकांनी श्रद्धेने जपले आहेत. तो महसीर डोहातच शोभतो, त्याला घरी आणायचा विचार करू नये.

बाजारात बोटाएवढा मिळणारा रेड टेल कॅटफिश तीन फुटांच्या वर वाढतो. अॅलिगेटर गार, अरापैमा यांचंही तेच. ही टाकी त्यांना पुरत नाही आणि मग लोक त्यांना नदीत सोडतात. सकर (काच चाटणारा परदेशी कॅटफिश), तिलापिया नदीत शिरले की देशी माशांची अंडी, अन्न, जागा सगळं बळकावतात. नको झालेला मासा दुकानात परत द्या, पऱ्ह्यात किंवा विहिरीत कधीच नको.

रत्नागिरीच्या झाडगावला सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहे, शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. काच मागवण्याआधी तिथे एक फेरी मारा आणि माशांपेक्षा मोठ्या टाक्यांचे पाइप कसे फिरवलेत ते बघून घ्या.

मे महिन्यातली तयारी

उष्ण पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंशांना लिटरमागे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. पंख्याने पाणी थंड करायची युक्ती आपल्या दमट हवेत फारशी चालत नाही. त्यापेक्षा मे महिन्यात दिवा पाच तासांवर आणा, खाणं निम्म्यावर आणि हवेचा पंप पूर्ण वेळ. विहीर खाली गेली असेल तर आठवड्याला चौथ्याऐवजी दहावा हिस्सा पाणी बदला. मासे मोजकेच ठेवले असतील तर एवढ्यावर भागतं.

मे संपण्याआधी बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घाला आणि मुख्य स्विच पाडून हवेचा पंप खरोखर किती तास चालतो ते एकदा मोजा. हवेच्या पंपाचे रबरी पडदे बदला, जास्तीचा एक जोड घरात ठेवा. पिंपं भरून ठेवा, हायपोची बाटली भरून ठेवा. टाकीवरच्या काचेच्या झाकणातल्या फटी जाळीने बंद करा, पहिल्या पावसात पाली आणि बेडूक आत पडतात. सम्पचा स्पंज टाकीतल्याच पाण्यात पिळून घ्या. समोरच्या काचेला पुन्हा दोरी लावून फुगवटा मोजा आणि पहिल्या दिवशी लिहिलेल्या आकड्याशी ताडून पाहा.